आंधळी गाडी

त्या दिवशी आम्ही दोघं नवरा-बायको अंगणात हरभरा सोलत बसलो होतो. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणाल तर तेवढंच. ओले घाटे, आंबूस वास, मधे परात. तिची पाठ धरायची, म्हणून ती कायम टेकायला काहीतरी बघायची. अंगणात त्या वेळी टेकायला एकच बरी वस्तू होती, पोराची गाडी. तिच्या पुढच्या चाकाला पाठ लावून, पाय लांब सोडून ती बसली होती. सोललेल्यातले निम्मे दाणे परातीत, निम्मे तोंडात.

"आमटीला उरतील का न्हाई?" मी म्हणालो.

"तुमी बोटं चालवा, तोंड न्हाई."

"तोंड कुणाचं चाललंय?"

"माजं. सोलणाऱ्याचा हक्क असतोय त्यो."

चार वर्ग शिकलेला माणूस मी. टेम्पो चालवून, द्राक्षाच्या पेट्या वाहून जन्म काढला. लिहायची सवय नाही. पण तोंडानं सांगायला लागलं की अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितोय.

गाडीचं आधी सांगतो. आमचं गाव कवठे महांकाळच्या अंगाला. मूळची मेंढरं राखणारी माणसं, आता थोडीफार शेतीपण. पोरगं कोईमतूरला गलाईचं दुकान चालवतं. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. आमच्या दुष्काळी भागातली पोरं त्याच धंद्यात देशभर पांगलीत. वर्षातनं एकदा यात्रेला गावी येतात आणि कुणाची गाडी किती मोठी यावर त्यांची पत ठरते. आमच्यानं मोठी घेतली नाही, बुटकी घेतली. दोन दारं, दोन माणसं, जमिनीला घासत जाणारी. कोंबडी टुणकन टपावर चढायची.

पहिल्यांदा आणली तेव्हा हिनं ओवाळली, चाकाखाली लिंबू ठेवलं, भोवतीनं एक चक्कर मारली आणि पोराला म्हणाली, "माणसं दोनच बसत्यात व्हय रं? मग तुजा बा कुठं बसायचा? टपावर, कोंबडीसंगं?"

गाडी पळायची झकास. पण तिच्या खोड्या लवकर कळल्या. चालता चालता पुढच्या दोन्ही लाइटा एकदम बंद व्हायच्या. काच आपोआप खाली यायची, वर जायची नाही. समोरच्या पडद्यावर इंग्रजीत लाल अक्षरं. पोरानं गाडी पुण्याला कंपनीच्या वर्कशॉपला नेली. त्यांनी कॉम्प्युटर लावला, ठेवून घेतली आणि कागद दिला, दोष आढळला नाही. पोरगं म्हणालं, अहो रस्त्यात बंद पडतात, तुमच्या दारात नाही. ते म्हणाले, दारात बंद पडल्या की घेऊन या. परत नेली, परत तेच. त्या खेपेला येताना उंब्रजजवळ हायवेवर लाइटा गेल्या. मागनं ट्रक येत होते. गाडी कशीबशी बाजूला घेतली आणि उजाडेपर्यंत पोरगं एका हॉटेलात चहावर चहा पीत बसलं.

तसल्याच गाड्यांच्या मालकांचा फोनवर एक ग्रुप होता. जेवताना पोरगं आम्हाला वाचून दाखवायचं. चेन्नईचा एकजण पुलावर आंधळा झाला, बायको शेजारी. हैदराबादच्या एका बाईची गाडी पावसात काचा उघडून बसली. सगळ्यांच्या तक्रारी एकसारख्या, सगळ्यांना उत्तर एकच, दोष आढळला नाही.

ही भाकरी मोडत मला म्हणाली, "तुमच्या गुडघ्यागतच हाय की ही. डॉक्टरपुढं गेलं की दुखायचं थांबतंय."

आम्ही लय हसलो. मग ती गंभीर होऊन पोराला म्हणाली, "आंधळी हाय ती. आंधळं जनावर कुणी जुंपतंय का? दिऊन टाक त्यांची त्यांना."

पोरानं मोठी तक्रार केली. कंपनीनं कबूल केलं, ट्रक पाठवून गाडी नेतो. ट्रक काही येईना. यात्रा संपली, दुकान उघडायचं म्हणून पोरगं बसनं निघून गेलं. किल्ली देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला लावली आणि मला बजावलं, "आप्पा, दिवसा फिरवा पायजे तर. अंधार पडल्यावर हात लावायचा न्हाई."

तर हरभरा सोलून झाला. दिवस मावळायला आला होता. ती परात उचलायला उठली आणि परत खाली बसली. मी म्हणालो, काय गं? कपाळाला घाम, थंडीच्या दिवसात. पदरानं पुसला तरी परत फुटला.

"छातीवर कुणी जातं ठिवल्यागत झालंय," ती म्हणाली. "दुपारधरनं हाय."

"दुपारधरनं? आणि आत्ता सांगतीस?"

"जाईल म्हटलं."

अँब्युलन्सला फोन केला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली, यायला वेळ लागंल म्हणाले. शेजाऱ्याची जीप होती, तो जीप घेऊन लग्नाला गेलेला. दुसऱ्या एकाची मोटरसायकल, पण तिला मोटरसायकलवर धरून बसवणार कसं? तिचे ओठ काळपट दिसायला लागले होते. मिरजेचा दवाखाना गाठायचा होता. खिळ्याची किल्ली काढली आणि शेतावर पाणी पाजायला जाताना नेतो ती हातातली बॅटरी खांद्याला अडकवली.

"मी त्यात न्हाई बसायची," ती म्हणाली. "आंधळी हाय ती."

"मी डोळस हाय का न्हाई? बस."

गाडी इतकी खाली की तिला आत बसवताना मला गुडघे टेकायला लागले. बटण दाबलं, गाडी चालू झाली. लाइटा लागल्या. दोन्ही. लख्ख. मी मनात म्हणालो, आजच्या दिवस राहा बाई, परत तुला शिवी देणार नाही.

हायवेला लागलो तेव्हा पुरता अंधार झाला होता. ती शेजारी डोळे मिटून होती, पण श्वास ऐकू येत होता. गाडी हवेगत पळत होती. निम्मी वाट झाली असेल नसेल. पडद्यावर लाल अक्षरं आली. काय लिहिलंय ते ना मला वाचता येत होतं ना तिला. तिच्या बाजूची काच सरसर खाली गेली आणि गार वारं आत घुसलं. आणि पुढचा रस्ता नाहीसा झाला.

डोळ्यांपुढं पिशवी ओढल्यागत. पाय ब्रेकवर गेला. मागनं ट्रक बोंबलत गेला, त्याच्या उजेडात क्षणभर रस्ता दिसला, परत काळं. मी ते बटण, हे बटण, सगळी दाबली. हॉर्नसुद्धा वाजेना. इंजिन मात्र मजेत चाललेलं. तोंडातनं शिव्या जात होत्या, कुणाला ते मलाही ठावं नाही.

"थांबू नगा," ती म्हणाली.

"दिसंना मला."

"आणा ती बॅटरी हिकडं. तुमी गाडी धरा, मी उजेड धरते."

माझ्या खांद्याची बॅटरी तिनंच ओढून घेतली. काच पडलेलीच होती. तिनं हात कोपरापर्यंत बाहेर काढला आणि रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी असते त्यावर उजेड टाकला. हातभर रुंदीची वाट दिसली. तेवढी पुरे. मी पट्टी धरून निघालो.

टेम्पो चालवताना ती माझ्या शेजारी कैकदा बसली होती. बसली की सांगत राहायची, हळू घ्या, म्हैस हाय, पोरगं हाय. मला राग यायचा. त्या वाटेला तिचं तेच चाललं होतं. "पुढं वळण हाय... आता सरळ... थोडं हिकडं." मी मुकाट्यानं ऐकत होतो. एकदा ती जोरात ओरडली, "ऊस! ऊस!" मी स्टेअरिंग ओढलं. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना चकाकणारी पट्टी. उसाची वाढी, ते वरचे हिरवे शेंडे, दाराला खरवडत गेली. तिचा हात बाहेर होता.

"लागलं का गं?"

"न्हाई. चला."

मग तिचं बोलणं कमी झालं. आधी "हिकडं", मग नुसतं "हं". मग काहीच नाही, फक्त उजेड. तो मात्र पट्टीवर बसलेला. उजेड आहे म्हणजे ती आहे, एवढाच हिशेब मी धरला होता. तिच्याकडं बघायची सोय नव्हती. मान वळवली असती तर गाडी खड्ड्यात.

मग उजेड पट्टीवरनं घसरला. गवतावर गेला, परत आला, चाकाजवळ खाली आला.

"हात वर कर," मी म्हणालो. "अगं, हात वर कर की."

बॅटरी पडली. रस्त्यावर फुटल्याचा आवाज आला तो अजून कानात आहे. तिचा हात तसाच बाहेर लोंबत होता. मी एका हातानं तो आत ओढला आणि माझ्या मांडीवर धरून ठेवला. दुसऱ्या हातानं गाडी. एक दुधाचा टेम्पो पुढं निघाला, त्याचे मागचे लाल दिवे धरून मी त्याला चिकटलो. टोलनाक्याच्या उजेडात आल्यावर तिच्याकडं बघितलं. बघितलं आणि तरीही दवाखान्यापर्यंत गाडी थांबवली नाही.

तिथला डॉक्टर तरणा होता. त्यानं तपासलं आणि म्हणाला, "काका, वाटेतच गेल्या."

मी विचारलं, "लाइट असती तर?"

"सांगता येत नाही," म्हणाला. खोटं बोलला असता तरी मला चाललं असतं, हो किंवा नाही, काहीतरी एक.

तिला अँब्युलन्समधनं घरी आणलं. गाडी मी तिथंच सोडून आलो होतो. लग्नाला गेलेला शेजारी उजाडताना ती घेऊन आला. मी अंगणात उभा होतो. गाडी आत वळली आणि माझ्या तोंडावर उजेड पडला. दोन्ही लाइटा चालू. लख्ख.

शेजारी उतरून म्हणाला, "आप्पा, चालू हायत की लाइटा. आता बंदच हुईनात."

गाडी बंद केली तरी त्या तशाच.

मी पाठ फिरवून घरात गेलो. थांबलो असतो तर त्या गरीब माणसाला मारलं असतं.

पोरगं मित्राची गाडी घेऊन रातभर हाकत आलं, तेव्हा दुपार झाली होती. आईच्या पायावर पडून रडलं. तिला नेलं, अग्नी दिला, परत आलो. दारात हातपाय धुतले आणि बायकांच्यात कुजबूज सुरू झाली. आमच्याकडं माणूस गेलं की जीव जिथं गेला त्या जागी दिवा लावतात. खाली पीठ पसरतात, वर पाटी झाकतात आणि दहा दिवस तो विझू देत नाहीत.

माझी थोरली भावजय म्हणाली, "ठिवायचा कुठं दिवा? घरात तर न्हाई गेली ती."

दुसरी म्हणाली, "रस्त्यावर ठिवतंय का कुणी? निजायची त्या जागंवर ठेवा."

मला विचारलं, नेमकी कुठं गेली? मी काय सांगणार? अंधारात कोसाचा दगड कुणाला दिसतोय.

"गाडीत गेली," मी म्हणालो. "तिच्या सीटवर. तिथं ठेवा."

पोरगं पुढं आलं. त्यानं वाटेतनंच कंपनीला फोन केला होता, ओरडला होता. आता त्यांचा ट्रक खरोखर निघाला होता.

"आप्पा, गाडी आजच जाऊ द्या. लाइटा आत्ता अशा हायत, त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या. आई कशानं गेली ते त्यांच्याकडनं कबूल करून घेतो मी."

"दहा दिवस गाडी हलायची न्हाई."

"आप्पा, तवर गाडीची बॅटरी उतरंल, परत म्हणतील दोष आढळला न्हाई."

"म्हणू दे. म्हणतच आल्यात."

मी पाना आणला. पोरगं आडवं आलं, "हात लावू नका, म्हणतील तुमीच बिघडवली." मी त्याला बाजूला केलं. पुढचं झाकण उघडलं, गाडीच्या बॅटरीची वायर सोडवली. ऊन असून त्या लाइटा मला दिसत होत्या. वायर निघाली तशा विझल्या.

मग तिच्या बाजूचं दार उघडलं. ताटात जोंधळ्याचं पीठ पसरलं, ते ताट ती पाय ठेवून बसली होती तिथं खाली ठेवलं आणि वर पणती लावली. पाटी झाकली. दार उघडंच ठेवलं. काच पडलेली, वारं येत होतं, म्हणून बायकांनी तिचंच एक लुगडं दाराला आडवं बांधलं.

दिवस मावळायच्या आधी ट्रक आला. मी त्या ड्रायव्हरला दहा दिवसांनी ये म्हणालो. त्यानं आत डोकावून बघितलं आणि ट्रक वळवला. पोरगं उंबऱ्यावर माझ्याकडं पाठ करून बसलं होतं.

पुढच्या चाकाजवळ हरभऱ्याची टरफलं तशीच पडली होती. भावजय झाडू घेऊन आली, तिला नको म्हणालो. तिथंच चाकाला पाठ लावून बसलो. वात पुढं सरकवायला कुणीतरी जवळ पाहिजेच होतं.