गोळीचा उपास

आमच्या आत्याला उपास करायला देव कमी पडायचे. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मध्ये एकादशी-चतुर्थी आली तर तीही. शेळीला करडं नीट झाली की आणखी एखादा वार नवसाचा. बोरीजवळच्या आमच्या गावातच तिला दिलेली; तिथे तिला सगळे उपासआत्याच म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. दिवसभर शेळ्यांमागे उन्हात फिरून संध्याकाळी ही बाई मूठभर भगर खायची आणि आम्हालाच वाढायची. "तुमी खा गं, मला लय झालं."

बीपी निघाला तो जिंतूरला, डोळे तपासायला गेली तेव्हा. डॉक्टरांच्या दारात मरणाची गर्दी. "रोज एक, जेवल्यावर," एवढं सांगून त्यांनी पुढच्याला आत बोलावलं. आत्याने तो शब्द अक्षरशः पाळला. घोळ झाला तो तिथेच.

गोळ्या संपल्या की पुन्हा जिंतूर. म्हणजे शेळ्या कुणाच्या तरी गळ्यात घालायच्या, फाट्यापर्यंत पायपीट करायची आणि एसटीची वाट बघत बसायचं. मग आत्या आज-उद्या करायची. "डोकं दुखंना झालंय, मग कामून जाऊ?" हा तिचा सवाल. मी परभणीला शाळेत शिकवते. फोनवर चिडण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

एका सकाळी शेळ्या सोडताना तिचं तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. परभणीच्या दवाखान्यात तिला जरा बोलता येऊ लागलं तशी मी भांडायच्या तयारीनेच उशाशी बसले. "गोळ्या घेत नव्हतीस ना?"

"घेत व्हते की. जेवलेल्या दिशी घेत व्हते. जेवलेच न्हाई, तर जेवल्यावरची गोळी कशी घेऊ?"

"अगं, भगर खातेस ना?"

"फराळ म्हंजे जेवण हाय का?"

मला हसूही आलं आणि रडूही. आठवड्यातले निम्मे दिवस माझी आत्या औषधाविना काढत होती आणि वर आपण डॉक्टरांचं ऐकतो म्हणून निर्धास्त होती.

पुढे आमच्या गावच्या उपकेंद्रातच बीपीच्या गोळ्या मिळायला लागल्या. तिथल्या सिस्टर घरी आल्या, ओट्यावर ऐसपैस बसल्या आणि सकाळी उठल्यापासून काय काय करता ते आत्याला विचारत राहिल्या. उपासांचं कळल्यावर त्यांनी डॉक्टरांना फोन करून खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "आत्या, उपासाला चहा चालतो ना?"

"चहाबिगर उपास व्हतो व्हय?"

"मग ही गोळी जेवणाची नाही, चहाची. रोज सकाळच्या चहाबरोबर घ्यायची."

झालं. एवढीशी गोष्ट. पण ती विचारायला जिंतूरच्या गर्दीत कुणाला सवड नव्हती. औषध गावात आलं, विचारणारं माणूस दारात आलं, म्हणून आत्या वाचली. यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये.

हात बराचसा सुधारला, आवाज त्याहून जास्त. शेळ्या घेऊन निघाली की बीपीवाल्यांच्या दारादारात हाक द्यायची, "चहा झाला का?" ज्याला बीपी नाही तोही दचकून "झाला, झाला" म्हणायचा. मध्यंतरी उपकेंद्रात गोळ्या येईनात. आत्याने गावातल्या बाया जीपमध्ये घातल्या आणि तालुक्याच्या साहेबांसमोर नेऊन बसवल्या. "साहेब, आमी समदे उपास करतो. गोळीचा उपास आमच्यानं व्हणार न्हाई." गोळ्या आल्या, आणि आत्या आठवडाभर ताठ मानेने फिरली.

गेल्या हिवाळ्यात छातीत कफ भरून ती गेली. चांगली पिकली होती, तरी मला फार लागलं. सकाळी अंगणात बाया जमल्या. मयत उठेपर्यंत चूल पेटवायची नाही, त्यामुळे चहाही नाही. तिची थोरली जाऊ गयाबाई, जिचं आणि आत्याचं जन्मभर पटलं नाही, कनवटीची पिशवी सोडत माझ्याकडे वळली.

"पोरी, पाणी आण. आज चहा न्हाई, पर गोळी घेते. न्हाईतर ही उठून बसंल इचारायला."

मी तांब्या आणून दिला. तिच्यामागून आणखी दोघींनी हात पुढे केले.