रमणी आंटींना मी स्टेशनवर ‘टेक’ केलं तो दिवस

मी एकदा नाशिकरोड स्टेशनवरून एक बाई पळवली आहे. दिवसाढवळ्या, नवऱ्याला ड्रायव्हर म्हणून सोबत घेऊन!

माझी मुलगी केतकी लग्न करून बंगळुरूला गेली. जावई जितीन केरळचा. मुलगा गुणी, पण त्याला मराठी येत नाही आणि मला मल्याळम येत नाही, म्हणून आमचं सासू-जावयाचं प्रेम इंग्रजीतून चालतं. माझं इंग्रजी तसं फर्स्टक्लास आहे. (गंगापूर रोडवरच्या क्लासचं सर्टिफिकेट हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. पाहुण्यांना दिसेल अशा बेतानं.)

तर एका संध्याकाळी जितीनचा मेसेज आला. मी तो ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. ‘मम्मी, माय आंटी इज इन नाशिक टुमारो. कॅन यू टेक हर टू द स्टेशन ॲट फोर?’

“म्हणजे काय?” ह्यांनी विचारलं.

“म्हणजे त्याची रमणी आंटी उद्या नाशिकला येतेय. चार वाजता तिला स्टेशनला घ्यायचं.”

“घ्यायचं की न्यायचं?”

“अहो, टेक म्हणजे घेणे. पहिलीतल्या पोराला येतं!”

“मग ते मधलं ‘टू’ कशाला आहे?”

“टू म्हणजे ‘ला’. स्टेशनला. आपण नाही का म्हणत, मला स्टेशनला घ्यायला ये?”

ह्यांनी मान डोलावली. हे आयुष्यभर सातपूरच्या कारखान्यात मशिनशी बोलले, माणसांशी वाद घालायची सवय नाही. “केतकीला एक फोन करून विचार,” एवढंच पुटपुटले. पण जावयानं पाठवलेल्या इंग्रजीचा अर्थ मुलीला विचारायचा? काही इज्जत आहे की नाही! उलट जितीननं खाली दिलेल्या नंबरवर मी थेट आंटींनाच मेसेज टाकला, ‘डोन्ट वरी. आय विल टेक यू.’ लगेच उत्तर आलं, ‘सो काइंड! आय विल बी रेडी.’

“बघा,” मी म्हटलं, “रेडी आहेत!”

दुसऱ्या दिवशी मी घर डोक्यावर घेतलं. पाहुण्यांच्या खोलीत नवी चादर घातली. भाजीत खोबरं, आमटीत खोबरं, कोशिंबिरीत खोबरं. ह्यांनी घाबरून विचारलं, “चहात तरी नाही ना?”

चारला आम्ही स्टेशनवर हजर. गाडी आली, ही गर्दी उसळली आणि तिच्यातून एक बाई बाहेर आल्या. पांढरट साडी, सोनेरी काठ, हातात पिशवी, आणि कुणालातरी शोधणारी नजर. अगदी केरळ! मी पुढे झाले.

“आंटी?”

बाईंनी मान हलवली.

“आय हॅव कम टू टेक यू!”

बाईंनी पुन्हा मान हलवली आणि पिशवी माझ्या हातात दिली. किती सोज्वळ! मी त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं आणि रस्ताभर इंग्रजीचा नळ सोडून दिला. “दिस इज नाशिक. व्हेरी फेमस ग्रेप्स. गोदावरी रिव्हर, दॅट साइड. यू लाइक कोकोनट?”

बाई फक्त मान हलवत होत्या.

“अगं,” हे हळूच म्हणाले, “मंगळसूत्र आपल्यासारखंच दिसतंय.”

“हल्ली सगळीकडे सगळं मिळतं. तुम्ही पुढे बघा!”

द्वारका चौकात नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. स्क्रीनवर नाव, रमणी आंटी. मी आधी फोनकडे पाहिलं. मग मागच्या सीटकडे. मागच्या आंटींच्या हातात फोन नव्हता!

“हॅलो, आय ॲम वेटिंग इन द हॉटेल,” फोनमधून आवाज आला. “यू वेअर गोइंग टु टेक मी.”

“बट आंटी, आय हॅव टेकन यू!”

“नो. यू हॅव नॉट.”

“यस! यू आर इन माय कार!”

पलीकडून मग अगदी सावकाश, ठोंब्याला समजावतात तसा आवाज आला, “माय डिअर, आय ॲम ऑन अ सोफा. ॲट मुंबई नाका. माय ट्रेन इज ॲट फाइव्ह.”

मुंबई नाका! आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर! ह्यांनी आरशातून मागे पाहिलं. मी मागे वळून पाहिलं. आणि मागच्या बाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“ताई, भाचीचं घर लय लांब हाय का हो? मला मघापासून पाणी पाहिजे, पण इंग्रजीत कसं मागायचं ते सुधरंना!”

माझ्या हातातून फोनच पडला.

“तुम्ही मराठी आहात?”

“मंग? चांदवडची हिराबाई मी. भाचीचं डोहाळजेवण हाय. ती म्हणली, स्टेशनवर माझी नणंद घ्यायला येईल, लय शिकलेली हाय, तिच्यापुढं गावठी बोलू नको. म्हणून गप बसले.” मग मला निरखून बघत, “तुम्ही नणंद नाय का?”

पुढचा अर्धा तास मी देवाचं नाव घेत काढला. ह्यांनी गाडी मुंबई नाक्यावर नेली. हॉटेलच्या दारात जीन्स आणि बुटातल्या, कापलेल्या केसांच्या एक उंच बाई बॅगा घेऊन उभ्या होत्या. काठापदराचा पत्ताच नाही! खऱ्या आंटी हिराबाईंशेजारी बसल्या आणि ह्यांनी गाडी उलटी फिरवली. त्याच चौकात पुन्हा तुंबली. मी पुढे बसून घाम पुसत होते, घड्याळ पाच वाजवायच्या बेतात होतं, आणि मागे हिराबाई आंटींना पिशवीतला डिंकाचा लाडू भरवत होत्या! ना ही भाषा, ना ती. दोघी खुशीत.

“आंटी, सॉरी,” मी म्हटलं. “आय थॉट, टेक.”

“टेक फ्रॉम नव्हतं, टेक टू होतं,” हे स्टिअरिंगमागून मराठीत म्हणाले. ह्यांना बत्तीस दात आहेत, ते त्या दिवशी मोजून सगळे दाखवले.

स्टेशनवर भाचीची शिकलेली नणंद रडकुंडीला येऊन उभी होती. माझ्या हातात हिराबाईंची पिशवी दिसताच ती किंचाळली, “तुम्ही आमच्या मावशींना पळवलंत? मी पोलिसांकडे निघाले होते!”

“ओरडू नको गं,” हिराबाईंनी तिला गप केलं. “या ताईंनी मला घेतलं, नेलं, फिरवलं, परत आणलं आणि सोडलं. आता तू ने.”

बघा! आपल्याकडे घ्यायला वेगळं, न्यायला वेगळं, आणायला वेगळं, सोडायला वेगळं. इंग्रजांनी निम्मा भार एका ‘टेक’वर टेकवलाय, मग माझ्यासारखीनं करायचं काय?

केरळची गाडी उशिरा येत होती, म्हणून वाचले. त्या रेल्वेला मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून हात जोडले. आंटी डब्यात चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि माझा हात हातात घेऊन हसत म्हणाल्या, “यू आर व्हेरी स्वीट. बट नेक्स्ट टाइम, आय विल टेक अ रिक्षा.”

गाडी हलली. मला भरूनच आलं.

“काय म्हणाल्या गं?” ह्यांनी विचारलं.

“अहो, मनानं केवढ्या मोठ्या!” मी डोळे पुसले. “आपल्याला त्रास नको म्हणून पुढच्या वेळी आल्या की रिक्षाच विकत घेणार आहेत!”