मावशींच्या आठ खुणा

नोड पुरून गाडीत बसलं की मला चैन पडत नाही. आजही पडत नाही, आणि या कामात आता बरीच वर्षं गेली. नोड म्हणजे जमिनीची थरथर टिपणारं यंत्र, साखरेच्या छोट्या डब्याएवढं, खाली जाड खिळा. हातभर खड्डा करायचा, खिळा मातीत दाबायचा, पाणसळ लावून सरळ बसवायचा, वरचा बाण उत्तरेला करायचा. आभाळातले उपग्रह सापडले की हिरवा दिवा लुकलुकतो. मग वर माती ओढायची आणि निघायचं. त्याला पडदा नाही, काटा नाही. महिन्याभरानं उकरून लॅपटॉपला जोडेपर्यंत त्यानं काही टिपलं की नुसताच पडून राहिला, हे कळायला मार्ग नाही. तोवर मी मनातल्या मनात प्रत्येक खड्ड्यापाशी परत जात असते. बाण नीट होता ना? दिवा हिरवाच होता ना?

त्या जानेवारीत नळदुर्गहून लोहाऱ्याच्या बाजूला आमची रांग टाकायची होती. दर दोन-अडीच किलोमीटरवर एक नोड. बरोबर ड्रायव्हर मामा. ते मूळचे नळदुर्गचेच, हायवेवर ट्रक चालवून कंटाळले आणि आमच्या जीपवर आले. खोदकामही तेच करायचे. आधी रीतसर ग्रामपंचायतीत कागद द्यायचा, मग ज्याच्या शेतात खड्डा करायचा त्याची परवानगी घ्यायची. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच, "पुन्हा व्हनार हाय का?"

भूकंप हा शब्दसुद्धा कुणी उच्चारायचं नाही. पुन्हा, एवढंच. मी पाठ केलेलं उत्तर द्यायचे की, हे यंत्र फक्त ऐकतं, पुढचं सांगत नाही. मी स्वतः याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या वाशीची. त्र्याण्णवच्या त्या पहाटे मी तिसरीत होते आणि आमच्याकडे नुसती फळीवरची भांडी वाजली होती. वडील म्हणाले, मांजर असेल, झोप. सकाळी रेडिओवर बातमी आली तेव्हा ते अंगणात कितीतरी वेळ उभे होते. बस्स, माझा भूकंप एवढाच. इथल्या माणसांसमोर तो मी कधी सांगितला नाही.

रांगेतला अकरावा नोड एका पुनर्वसित गावाच्या कडेला पडत होता. सरकारनं बांधून दिलेलं पक्कं घर, पुढं मोठं अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याचं शेड. शेडमध्ये बाज, पाण्याचा माठ, खुंटीला लुगडी. घरमालक माझ्याच वयाचा, शेती करणारा. त्यानं परसातली जागा दाखवली. आम्ही खोदायला लागलो तशा शेडमधून त्याच्या आई आल्या. साठीच्या पुढच्या, उंच, अंगानं काटक. खड्ड्याशी बसल्या आणि हलल्याच नाहीत.

"ह्ये ऐकतं व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो मावशी. जमीन हलली की लिहून ठेवतं."

"आवाज?"

"आवाज म्हणजे?"

त्यांनी हाताचा पंजा जमिनीवर ठेवला. "खालून येतो. रिकाम्या गाडीसारखा. म्या ऐकते. ह्ये लोक म्हणत्यात, न्हाय."

मुलगा कसनुसं हसला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मनावर घेऊ नका मॅडम. सोलापूरला कानाच्या डॉक्टरला दाखवलं, मग डोक्याच्या बी दाखवलं. गोळ्या चालू हायेत. घरात पाय ठिवत न्हाय. सैपाकाला येती, पुन्हा भायेर. थंडी असू न्हायतर पाऊस, तिथंच निजती."

मी परत खड्ड्याशी गेले तर मावशी मामांना सांगत होत्या. त्या वेळीही आधी आवाज येत होते. "म्या म्हणलं, भायेर निजू. सासरे म्हणले, उगं भिऊ नगं, लोक हसतील. आमी आत निजलो." मग त्यांनी मुलाकडे बोट केलं. "ह्याला म्या हातानं उकरून काढलं. पोरगी घावली, पर उशिरा."

मामा कुदळ धरून तसेच थांबले. मी पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणण्यात गुंतले, कारण मान वर करायची हिंमत होत नव्हती.

निघताना मी करू नये ते केलं. म्हणाले, "मावशी, आवाज आला की दिवस आणि वेळ लिहून ठेवा. यंत्र काढलं की मी ताडून बघीन."

"मला अक्षरं येत न्हाईत. आकडे येतात."

"आकडेच पाहिजेत."

गाडीत मामा म्हणाले, "मॅडम, हे चांगलं केलं का वाईट, मला समजेना." मलाही समजत नव्हतं. पुढचे पंचवीस-सव्वीस दिवस माझं डोकं त्या परसात अडकून पडलं. यंत्रात काहीच निघालं नाही तर? मी एका बाईला पुराव्यानिशी वेडी ठरवणार होते. आणि निघालं तर? तेही काही सुखाचं नव्हतं. खोलीवर बसलेली असताना हायवेवरून ट्रक गेला की मी टेबलावर पंजा ठेवून बघायला लागले.

नोड काढायचे दिवस आले. तुरी निघाल्या होत्या, रानं मोकळी झाली होती. पहिले दहा नोड बिनबोभाट हाती आले. अकराव्याला आम्ही परसात गेलो, मी खूण केलेला दगड बाजूला केला, मामांनी माती ओढली. माती भुसभुशीत लागली. आणखी ओढली. खड्डा रिकामा.

यंत्र हरवलं तर वर काय सांगायचं हा विचार नंतरचा. आधी मावशींचा चेहरा आठवला. त्या शेजारणीकडे गेल्या होत्या. मुलगा गोठ्यापाशी होता. मी विचारलं, "इथलं यंत्र कुठंय?"

तो कडब्याच्या गंजीकडे गेला, दोन पेंढ्या उपसल्या आणि पोत्यात गुंडाळलेला नोड आणून माझ्या हातात दिला. जरा जरी धुसफुशीनं दिला असता तर मी भांडले असते. त्यानं तो तान्हं मूल द्यावं तसा दिला.

"का काढलं?" मी विचारलं.

"आई रोज दिसभर त्याच्यापशी बसायची. जेवण तिथं, पाणी तिथं." तो गंजीला टेकला. "मॅडम, यंत्रानं व्हय म्हणलं तर ती जल्मात घरात येणार न्हाय. आन न्हाय म्हणलं तर ती येडी ठरती. दोन्हीकडनं माझीच आई हाय. म्हणून काढलं. गुपचूप. तिला अजून वाटतंय, त्ये खालीच हाय."

"किती दिवस झाले?"

"आठवडा झाला आसंल."

माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मामांनी खड्डा बुजवला आणि पायानं दाबून सारखा केला.

तेवढ्यात मावशी आल्या. नोड माझ्या हातात बघून त्यांना वाटलं, आत्ताच काढला. आम्ही तिघांनीही तसंच वाटू दिलं. त्या शेडमध्ये गेल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडून घेऊन आल्या. चौकोनांत पेन्सिलीनं वेळा लिहिल्या होत्या, मुलाच्या जुन्या मोबाइलवर बघून. एकूण आठ खुणा. मी त्या पानाचा फोटो काढायला लागले तर म्हणाल्या, "फोटू नगं. पान घिऊन जा. पर परत आण."

नळदुर्गच्या खोलीवर चार्जिंगचा रॅक मांडला. एकेक नोड त्यात बसवायचा, डेटा लॅपटॉपवर ओढायचा, बॅटरी भरत ठेवायची. साऱ्या रांगेचं उरकायला दोन दिवस लागतात. मी अकरावा आधी लावला. महिन्याभराची सगळी थरथर पडद्यावर आली. ट्रॅक्टर, गुरं, विहिरीवरची मोटर. मावशींची पावलंही दिसत होती. सकाळी येणारी, संध्याकाळी जाणारी, एका चालीची. विसाव्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास सगळं एकदम वेडंवाकडं झालं, मुलानं उकरलं ते. त्यापुढं रेघ मऊ, पोत्यातली.

आता आठ खुणा. पाच खुणांना रेघ उसळली होती, पण पाचही दुपारी दीडच्या आसपास, आणि प्रत्येकीच्या मागोमाग हवेतून आलेला दणका. हा दगडाच्या खाणीतला सुरुंग. मामांना विचारलं तर म्हणाले, "व्हय की, तिकडं माळावर खाण हाय. जेवणाच्या सुट्टीत उडवतात." म्हणजे मावशी ऐकत होत्या ते खरं होतं, पण ते वरून, माणसांनी केलेलं.

दोन खुणांना काहीच नाही. मी मोठं करून बघितलं, बाकीची थरथर गाळून बघितलं, शेजारच्या नोडमध्ये बघितलं. सपाट.

राहिली एक. तेविसावा दिवस, सकाळी सव्वासहा. या वेळी नोड कडब्यात आडवा पडलेला. त्याच्या रेघेवर बारीक चिमटा काढल्यासारखं काहीतरी होतं, मी ते एरवी सोडून दिलं असतं. मग दहावा आणि बारावा उघडला. दोन्हीकडे स्पष्ट. आधी हलका ठोका, जेमतेम दोन सेकंदांनी दुसरा, मोठा. सुरुंग असा दिसत नाही. जमीन स्वतःहून हलली की असं दिसतं. भूकंपच, पण इतका लहान की रांगेबाहेर कुणाला त्याचा पत्ता नसणार.

मी खुर्चीवरून उठले, खोलीत फेऱ्या मारल्या, परत बसले, परत बघितलं. मग ऑफिसातल्या साहेबांना फोन केला. त्यांनी रेघा मागवून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाले, "बरोबर आहे तुझं. असे बारीक धक्के या भागात होतात." मी म्हटलं, "मला त्या बाईंना सांगायचंय." ते म्हणाले, "सांग. पण हेही सांग, की यावरून मोठ्याचा अंदाज कुणालाच करता येत नाही. तुलाही नाही, मलाही नाही. तेवढं शब्दाशब्दानं सांग."

शेवटच्या नोडचा डेटा उतरवून झाल्यावर आम्ही पान परत द्यायला गेलो. मावशी शेडच्या सावलीत तूर पाखडत होत्या. मुलगाही येऊन बसला. मी पान मांडीवर घेतलं आणि एकेका चौकोनावर बोट ठेवून सांगत गेले. हा सुरुंग. हा सुरुंग. हाही. मुलाचा चेहरा उतरत चालला. शेवटी मी सव्वासहाच्या चौकोनावर आले.

"हा खरा, मावशी. जमिनीतला. सगळ्या बाजूंच्या यंत्रांनी ऐकला. तुम्ही काय करत होता तेव्हा?"

"सडा घालत हुते."

"गावात दुसऱ्या कुणाला कळला नाही."

मुलगा आईकडे बघत राहिला. मी साहेबांचं वाक्य शब्दाशब्दानं सांगितलं. मावशींनी मान हलवली, जणू ते त्यांना कधीचंच माहीत होतं. मग पान हातात घेऊन त्यांनी उरलेल्या दोन खुणांवर नख टेकवलं.

"आन ह्ये?"

"तिथं काही सापडलं नाही."

"म्हंजी आवाज नव्हता?"

खोटं बोलायला जीभ वळली होती. "यंत्राला नाही आला," मी म्हणाले.

"मग मला कसा आला?"

त्या सूप घेऊन परत पाखडायला लागल्या. पाखडता पाखडता म्हणाल्या, "खरं सांगितलंस ते बरं केलंस, लेकी." आवाजात समाधान होतं की निराशा, मला ओळखता आलं नाही, आणि परतीच्या रस्त्यावर मी तेवढाच विचार करत राहिले.

मावशी घरात झोपायला गेल्या नाहीत. डोक्याच्या डॉक्टरकडच्या खेपा मात्र मुलानं थांबवल्या. गोळ्या हळूहळू कमी करायच्या हे शेवटच्या खेपेला त्याच डॉक्टरांना विचारून ठरवलं. आणि एक केलं. खाणीवरच्या मुकादमाचा नंबर मिळवला. सुरुंग लावला की मुकादम त्याला फोन करतो, आणि हा असेल तिथून आईला सांगतो, "आता उडवत्यात बरं." हे मला त्यानंच कळवलं. दुपारच्या आवाजांना मावशी आता उठून उभ्या राहत नाहीत, असं म्हणाला.

उन्हाळ्यात आमची रांग भूम तालुक्यात, ईटच्या शिवारात गेली. एका सकाळी मी खड्ड्यात वाकून बाण उत्तरेला लावत होते आणि फोन वाजला. मावशी होत्या.

"आत्ता ऐकलंस का?"

"मावशी, तिथं आता यंत्र नाही."

"मला ठावं हाय. यंत्राला कोन इचारतंय? तुला इचारते."

मी उठून उभी राहिले. भोवती नांगरलेलं काळं रान, पार बांधापर्यंत, आणि कुठंच काही हलत नव्हतं. "नाही ऐकलं, मावशी. मी लांब आहे. तुम्हाला कसा आला?"

"बारीक आला. उगवतीकडनं."

"भीती वाटली?"

"न्हाय. एकलीनं ऐकायचा कटाळा येतो." पलीकडे कोंबड्यांचा गलका झाला, त्यांनी हाड् हाड् केलं आणि पुन्हा फोनवर आल्या. "किती वाजल्यात बघ बरं. ह्या मोबाइलात मला दिसंना झालंय."

मी घड्याळ बघून वेळ सांगितली. त्यांनी ती दोनदा म्हणून घेतली.