भूमितीचे चार दिवस

आधीच सांगते, भुतंखेतं, उतारे, अंगात येणं यांवर माझा काडीचा विश्वास नाही. जन्मभर डोंबिवलीच्या शाळेत गणित शिकवलं. जे सिद्ध करता येत नाही ते वहीत लिहायचं नाही, अशी मुलींना शिस्त लावली... आणि आज स्वतः तेच करायला बसलेय. टाइप नात करतेय. तिला बजावलंय, मध्ये बोलायचं नाही.

पन्नास सालानंतरची, पण साठच्या आतली गोष्ट. कल्याणला पारनाक्याजवळ आमचं घर – दोन खोल्या, मागे पडवी, परसात विहीर. सासूबाई लग्न होऊन याच घरात आलेल्या. हे शहाडला कारखान्यात नोकरीला. लग्नामुळे माझी एस.एस.सी. राहिली होती. फार विनवण्या केल्यावर सासूबाई म्हणाल्या, "एकदाच बैस परीक्षेला. नापास झालीस तर पुस्तकं बंबात घालीन." आणि त्या बोलल्या की करायच्या.

इतिहास, मराठी मी चुलीपाशी उरकत असे. भूमितीचं तसं नाही हो! आकृती डोक्यात धरून ठेवावी लागते, आणि कुणी "अगं" म्हटलं की ती विस्कटते. आमच्या घरात 'अगं'ला तोटा नव्हता. अगं, पाणी शेंद. अगं, ताक कर. अगं, नुसती बसलीयेस का? पुस्तक हातात असलं की मी 'नुसती बसलेली' असायची.

म्हणून मी वेळापत्रक आखलं – भूमिती फक्त महिन्याच्या त्या चार दिवसांत. तेव्हा बाजूला बसायचं असे. पडवीत चटई, वेगळं ताट-तांब्या, कुणी शिवायचं नाही. इतर बायका कंटाळायच्या, मी मात्र वाट बघायची. पण सुख बघवेल तर ना कुणाला! दुपार झाली की शेजारच्या काकू परसातून गप्पांना हजर. सासूबाई तर "बसलीच आहेस तर" म्हणत ढीगभर गोधड्या पुढ्यात टाकायच्या. "नाहीतरी धुवायच्याच आहेत, तेवढी ठिगळं लाव." माझा विटाळ माणसांना होता, कामांना नव्हता.

परीक्षा तोंडावर आली आणि वर्तुळावरचे रायडर, म्हणजे प्रमेयांवरची अवघड उदाहरणं, तशीच पडलेली. त्या दुपारी काकू परसदारी दिसल्या तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. पण त्या मध्येच थबकल्या, पदर सावरला आणि मागच्या मागे गेल्या. दुसऱ्या दिवशी विहिरीवरून विचारतात, "काल तुझ्याकडे मास्तरीणबाई आल्या होत्या का गं? मी हाक मारणार, तर त्यांनी नुसता हात वर केला."

"बाजूला बसलेलीकडे कोण येईल, काकू?"

"अगं, तुला अगदी चिकटून बसलेल्या की!"

मला संताप आला. आता अभ्यास मोडायला भुताची भर.

त्याच दुपारी सासूबाई गोधडी घेऊन आल्या. पावलं दाराशी थांबली म्हणून मी मान वर केली. त्या माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होत्या. गोधडी तशीच काखेत धरून परत गेल्या. त्यानंतर परीक्षेपर्यंत पडवीच्या दाराशी कुणी फिरकलं नाही. इतर दिवशीही मी दुपारी तिथे जाऊन बसले, तरी कुणी हाक मारली नाही.

आणि जिच्या शेजारी ती बसली, तिलाच ती दिसू नये? एकदा वैतागून मी भिंतीला म्हटलंसुद्धा – "बाई, आलाच आहात तर एवढा रायडर सोडवून द्या." काही नाही. मीच सोडवला.

पास झाले. पुढे शिकले, नोकरी लागली. त्या घरात अशी कुणी बाई कधी राहिली-वारली नव्हती, हेही विचारून घेतलं. दोघींनी मिळून बनाव केला म्हणावं, तर मला मोकळा वेळ मिळावा म्हणून सासूबाई बनाव करतील यावर विश्वास ठेवण्यापेक्षा भूत सोपं.

सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात अखेर विचारलंच, "कोण होती हो ती?"

"मला काय ठाऊक. ओळखीची नव्हती." मग कूस बदलून म्हणाल्या, "मीही त्याच पडवीत बसले गं, इतकी वर्षं. माझ्याजवळ नाही कधी कुणी येऊन बसलं."

मी हातातलं काम ठेवलं आणि सासूबाईंना अगदी चिकटून बसले. आतून कुणीतरी "अगं" म्हणत दाराशी आलं. मी नुसता हात वर केला.