शनवारमामांची दहा माणसं

सोमवारी कोल्हापूरचं अख्खं उद्यमनगर बंद, तेव्हा शनवारमामांचं लेथ मशीन एकटंच कोकलत असायचं. आणि शनिवारी सगळीकडे खणखणाट, तर हे धुतलेल्या शर्टात दारात बसलेले! गिऱ्हाईक तणतणलं की म्हणायचे, "पावणं, आज शटर उघडत न्हाय. देवानंच सुट्टी दिलीया." मामा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, बोली मात्र आमच्यापेक्षा रांगडी.

चहा पुढे आला की इतिहास निघायचा. "आमचं जहाज नवगावजवळ फुटलं. सात बापय नि सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या बुडाल्या. तेलाचं घाणं चालवलं, पर शनवार मोडला न्हाय." पुढे माणसं वाढली आणि गावोगावी मशिदी उभ्या राहिल्या. आपल्या प्रार्थनाघराला ते मशीदच म्हणत. आता त्यांच्या गावच्या मशिदीला कुलूप होतं. माणसं ठाण्याला नाहीतर इस्रायलला.

मामी गेल्या. गावी माती देऊन मामा परतले. मेलेल्या माणसामागे म्हणायची प्रार्थना, कद्दीश, दहा पुरुष असल्याशिवाय म्हणता येत नाही, आणि गावात तेवढे जमलेच नव्हते. माझ्या वडिलांना, आबांना, हे कळायचा अवकाश! संध्याकाळी तालमीतली दहा धिप्पाड माणसं डोक्याला रुमाल बांधून मामांच्या सोप्यात मांडी घालून हजर.

मामांनी सगळ्यांना पाणी दिलं. मग हात जोडले. "आबा, आमच्यातलीच दहा लागत्यात हो."

आबा भडकले. "आँ? मामीच्या हातचं खाऊन वाढल्यात ही! आन तुमची तर सातच वाचलीवती की. त्यांनी काय केलं?"

मामा लहान पोरासारखे रडले. "ती बिनप्रार्थनेचीच गेली असतील, आबा. म्हणून तर मागच्यांनी मशिदी बांधल्या."

प्रार्थना झाली नाही. पण जेवणवेळ टळली तरी कुणी उठलंही नाही.

कोल्हापूर सोडणार नाही म्हणणारा हा माणूस वर्षाच्या आत लेकीकडे इस्रायलला निघाला. "माझ्यामागं तरी कुणीतरी म्हणंल की," एवढंच बोलले. मला त्यांचा राग आला होता, खरं सांगते.

परवा मामांच्या लेकीचा फोन आला. मामा गेले. आबांनी आधी तेच विचारलं, "दहा जमली का गं?"

"जमली की, आबा. हिकडं हाक मारली तरी मिळतात." मग तिला हुंदका आवरेना. "पण त्यातल्या एकालाही बाबा म्हाईत नव्हते."