आतलं वाचायचं नाही

बाइंडरकाकांच्या दुकानात एकच नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. लोकांनी बांधायला दिलेल्या कागदांतलं आतलं वाचायचं नाही. लोकही काय काय घेऊन येत. कुणाच्या वडिलांची डायरी, कुणाची जुनी पत्रं, कुणाचा आठ वर्षं रखडलेला प्रबंध. काका म्हणत, "न्हावी काय डोक्यातले विचार बघतो? तो केस कापतो. आपणही तेवढंच करायचं."

शिलाईताईने हा नियम सव्वीस वर्षं इमानेइतबारे पाळला. ती दुकानात आली तेव्हा पंचविशीची होती. नवरा घर सोडून गेलेला, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. काकांनी तिला एक शब्द विचारला नाही. कागदाच्या रिकाम्या खोक्यात त्यांनी मऊ कात्रण भरलं, वर बायकोची जुनी चादर अंथरली आणि म्हणाले, "पोरीला यात ठेव. ही सुई, हा दोरा." पोर त्या खोक्यात रांगायला शिकली, पुढे शाळेत गेली, आता नोकरी करून दुसऱ्या गावी राहते. ताई अजून खिडकीजवळच्या त्याच स्टुलावर बसून फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवते. काका कापतात, पुठ्ठा चढवतात आणि तिच्या टाक्यांना नावं ठेवतात. सव्वीस वर्षांत त्यांनी तिचं तोंडभरून कौतुक केल्याचं कुणी ऐकलेलं नाही. "चालेल" म्हणाले की ताई समजायची, आज स्वारी खूश आहे.

दरवर्षी एकदा वकीलबाई यायच्या, वर्षभराचे कोर्टाचे निकाल बांधून घ्यायला. त्या वर्षी गठ्ठा टेबलावर ठेवून त्यांनी सहज विचारलं, "काका, तुमच्यामागे या दुकानाचं काय?"

"काय म्हणजे? दुकान हिचं. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

"गल्लीला ठाऊक असून भागत नाही. लिहिलंय कुठे?"

काका हसले. "बाई, तीस वर्षं तुमचा कायदा माझ्या हातून बांधला जातोय."

"बांधला जातोय. वाचलाय कुठे तुम्ही?" वकीलबाई म्हणाल्या. "परवाना तुमच्या एकट्याच्या नावावर, भाडेकरार तुमच्या एकट्याच्या नावावर. मूलबाळ नाही, काकू गेल्या. उद्या बरंवाईट झालं तर यंत्रांसकट सगळं तुमच्या पुतण्याकडे जाईल. ताईंना कुलूपसुद्धा उघडता येणार नाही."

काका "बघू" म्हणाले. त्यांचं "बघू" म्हणजे विषय संपला, हे ताईला माहीत होतं. पण त्या रात्रीपासून ती अंथरुणात पडल्या पडल्या तोच हिशेब मांडू लागली. एक्कावन्न वर्षांची बाई, हातात ही एकच विद्या. हे दुकान गेलं तर तिला कोण दारात उभं करून घेणार? पुतण्या वाईट माणूस नव्हता, पण त्याला पुस्तकाचा कणा कुठला आणि पोट कुठलं हेही कळत नव्हतं. तो पहिल्या आठवड्यातच सगळं भंगारवाल्याला देऊन मोकळा झाला असता.

त्यानंतर काका दोनदा इस्त्रीचा शर्ट घालून दुपारी कुठेतरी जाऊन आले. कुठे गेला होतात म्हणून विचारावं, तर म्हणायचे, "काम होतं." ताईने मनाशी ठरवून टाकलं की दुकान विकायला काढलंय. विचारायची मात्र हिंमत झाली नाही.

दुसऱ्या खेपेनंतर तिसऱ्या दिवशी काकांनी एक छोटं काम तिच्यासमोर ठेवलं. सात सुटी पानं, कोपऱ्यात पिन मारलेली. वर एक आणि खाली एक कोरा कागद त्यांनी स्वतः डाव्या कडेला खळीने डकवून टाकला होता. "एका गिऱ्हाइकाचं आहे. पिन मारलेला कागद बघवत नाही मला. नीट शिव, तिन्ही बाजू कापून घे, निळं कापड लाव. आणि..."

"आतलं वाचायचं नाही," ताई म्हणाली. "माहीत आहे, काका."

तिने जीव ओतून काम केलं. पिन काढली, पानं जुळवून शिवली, शिकंज्यात दाबली. कापायच्या आधी समास बघायचा असतो, म्हणून पहिल्या पानाची नुसती कड वर करून बघितली. खाली भरपूर कोरी जागा होती, म्हणून खालून सढळ हाताने कापायचं ठरवलं. सगळ्या पानांचा समास सारखाच असणार असं तिने धरलं, शेवटचं पान काही उघडून बघितलं नाही. यंत्राचं पातं खाली आलं आणि तिन्ही बाजू आरशासारख्या सपाट झाल्या. काका पुस्तक उलटसुलट करून म्हणाले, "चालेल," आणि ते कपाटात ठेवून दिलं.

दोन महिन्यांनी काका दुकानातच चक्कर येऊन पडले. हृदयाची झडप बदलावी लागेल, डॉक्टर म्हणाले, आणि ऑपरेशन गुरुवारी सकाळी ठरलं. बुधवारी दुपारी हॉस्पिटलच्या खाटेवरून काकांनी ताईला कपाटाची किल्ली दिली. "ते निळं पुस्तक वकीलबाईंना नेऊन दे. त्यांच्याजवळ राहू दे. उघडू नकोस हं."

ताई दुकानातून पुस्तक घेऊन रिक्षाने थेट वकीलबाईंच्या ऑफिसात गेली. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, "अरे वा, बांधूनसुद्धा घेतलं!" म्हणत पानं चाळली, आणि शेवटच्या पानाशी त्यांचा चेहरा उतरला.

"हे कापलं कुणी?"

"मी."

वकीलबाईंनी पुस्तक तिच्यासमोर सरकवलं आणि शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं. शेवटच्या पानावर मजकूर अगदी तळापर्यंत आला होता. त्याखाली काकांची सही अर्धी उरली होती, आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांच्या जागी नुसती सपाट, सुरेख कड होती.

"ताई, हे काकांचं मृत्युपत्र आहे," वकीलबाई म्हणाल्या. "दुकान, यंत्रं, सगळं तुमच्या नावावर करणारं. तुम्हाला आत्ताच कळू नये अशी त्यांची इच्छा होती. साक्षीदारांच्या सह्यांशिवाय याला काही अर्थ नाही."

ताईने त्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. दुकान विकायला काढलंय म्हणून जिच्या जिवाला घोर लागला होता, तिनेच आपल्या हाताने आपला हक्क कापून कात्रणाच्या पोत्यात टाकला होता. आणि तोही किती सफाईने. पण त्या क्षणी तिला दुकान आठवलंच नाही. आठवलं ते एवढंच, की काका इस्त्रीचा शर्ट घालून दोनदा गेले होते ते तिच्यासाठी. ती ढसाढसा रडली.

डोळे पुसून तिने आपल्या धंद्याला शोभेल असाच उपाय सुचवला. "कात्रणाचं पोतं अजून मागच्या खोलीत आहे. सह्यांच्या पट्ट्या शोधते आणि जोडून देते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"कळणार नाही, हाच तर घोटाळा," वकीलबाई म्हणाल्या, आणि इतक्या गडबडीतही हसल्या. "जोडलेला कागद म्हणजे संशयाला आमंत्रण. नवीनच करायचं. मजकूर माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. काका शुद्धीवर आहेत ना? मग चला."

"मी साक्षीदार म्हणून सही करते."

"ज्याला मिळणार, त्याने साक्षीदार व्हायचं नाही. तुम्ही तर खोलीतही थांबू नका, उगाच कुणी म्हणायला नको की तुम्ही लिहून घेतलंत."

साक्षीदार म्हणून वकीलबाईंचा कारकून आला, आणि शेजारचा कुलूपवाला दुकान तसंच उघडं टाकून आला. डॉक्टरांकडून चिठ्ठी हवी होती, की पेशंट पूर्ण भानावर आहे. डॉक्टरांनी काकांना तारीख विचारली, वार विचारला. काकांनी दोन्ही सांगून वर ऐकवलं, "आणि तुमच्या या फाइलचा कणा सुटलाय. माझ्याकडे पाठवा." डॉक्टरांनी मुकाट्याने चिठ्ठी लिहून दिली.

ताई बाहेर बाकावर बसून राहिली. तिला आतून काकांचा आवाज ऐकू आला. "खाली चार बोटं जागा सोडलीत ना? हिच्या हाताचा भरवसा नाही." मग कुलूपवाल्याचं खोकणं आणि पेनांची खरखर. सह्या काकांच्या देखत झाल्या, काकांनी सही केली ती दोघांच्या देखत. पिन मारलेली सात पानं वकीलबाईंनी पाकिटात घातली, आणि ते पाकीट त्यांच्या तिजोरीत गेलं.

ऑपरेशन पार पडलं. गुरुवारी दुपारी डॉक्टरांनी बाहेर येऊन "ठीक आहेत" म्हटलं, तेव्हा ताईने त्यांना हात जोडले, नर्सला जोडले आणि त्या भरात लिफ्टवाल्यालाही जोडले.

सहा आठवड्यांनी काका दुकानात परतले, तेव्हा वकीलबाई कागद घेऊन तयार होत्या. "मृत्युपत्र ही मागची सोय झाली. दुकान आज चालतंय, त्याचं आजच बघा." मग भागीदारीचा करार झाला. एक भागीदार गेला तर दुसऱ्याने धंदा कसा चालवायचा, हे त्यात स्पष्ट लिहिलं. घरमालक भला माणूस, त्याने भाडेकरारावर ताईचं नाव घालून दिलं. परवान्यावर दोघांची नावं आली. काकांनी पुतण्याला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, मला वाटलं तुम्ही मला तिथं खळ लावायला बसवताय की काय," आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

सगळे गेल्यावर काकांनी निळं पुस्तक ताईच्या टेबलावर ठेवलं. पानापानावर वकीलबाईंनी आडव्या रेघा मारून "रद्द" लिहिलं होतं.

"आता याला काही किंमत नाही," काका म्हणाले. "म्हणून आता वाच."

"आतलं?"

"आतलं."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ताईने स्वतः बांधलेलं पुस्तक उघडून वाचलं. यंत्रांची यादी होती, पत्ते होते, कायद्याची लांबलचक वाक्यं होती. पाचव्या पानावर मात्र काकांचीच भाषा होती. वकीलबाईंनी हे लिहायची गरज नाही म्हटलं असणार, आणि काकांनी हट्टाने लिहायला लावलं असणार.

"ही माझ्या नात्याची नाही. माझी बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तेव्हा हिने दुकान सांभाळलं आणि माझं घरही सांभाळलं. बायकोला शेवटचा घास हिच्या हातचा मिळाला. मी हिचे आभार कधी मानले नाहीत, कारण मानले असते तर ही दुसऱ्या दिवशी संकोचाने कामाला आली नसती, आणि ही आली नसती तर मीही आलो नसतो. म्हणून इथे लिहून ठेवतो."

ताईने ते दोनदा वाचलं. अक्षरं पुसट झाली, तेव्हा पुस्तक मिटलं आणि पदराने डोळे टिपले. कात्रणाचं खोकं, ती जुनी चादर, "ही सुई, हा दोरा", सगळं तिला आठवलं.

"काका, मीसुद्धा तुमचे आभार कधी मानले नाहीत."

काका पुठ्ठ्यावर पट्टी ठेवून रेघ मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मग झाली फिटंफाट," ते म्हणाले. "तो दोरा इकडे दे."