तुझी जीभ गेली, यार

छावणीत राहणाऱ्या मित्राकडं मी आणि तो रविवारी राय व्हिस्की चाखायचो. राय हे गव्हासारखं परदेशी धान्य. त्याच्या दारूला मिऱ्याचा तिखटपणा असतो. माझ्या मुलीनं अमेरिकेहून आणलेली बाटली त्याच्याकडंच ठेवलेली होती. एकदा घोट घेतला तर तिखटपणा गायब.

"ही ती नाय," मी म्हणालो.

"तुझी जीभ गेली, यार. वय झालं."

मी विश्वास ठेवला. वर्षभर भाजीतलं मीठसुद्धा बायकोला विचारत राहिलो.

मग एकदा त्याची बायको सहज बोलून गेली, "भाऊजी, तुमची अमेरिकेची दारू यांच्या साहेबांनीच संपवली. मग यांनी बाटलीत इथलीच भरली."

मी त्याला जाब विचारला. तो हसला, "दारूच तर होती!"

दारूचं दुःख नव्हतं. जीभ दाखवायला मी डॉक्टरकडं गेलो, तेव्हा सोबत तोच आला होता.